न दिलेला हात

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्या घरात भांडण पेटलं ते चूक कुणाची यावरून. आता यात नवल ते काय? चार भांडी एका जागी आली की वाजायचीच. पण नवल पुढंच आहे. बाकीच्या घरांत प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, चूक तुझी. या घरात प्रत्येकजण आपल्याच छातीवर थाप मारून सांगत होता, चूक माझी. आणि ती दुसऱ्या कुणाला घेऊ द्यायची कुणाची तयारी नव्हती.

"फळी माझी," अप्पा म्हणाले. बटाटा सोलता सोलता त्यांनी सुरी हवेतच धरली. "वळण संपतं तिथली. मागच्या महिन्यात मीच बदलली. नवं लाकूड बसायला वेळ घेतं. चाक तिथं कणभर उडालं असणार, आणि चाक कणभर उडालं की हात वीतभर हुकतो."

अप्पा सुतार. सायकल शर्यतीच्या त्या लाकडी धावपट्टीच्या फळ्या ठोकण्यात आणि घासण्यात त्यांचा जन्म गेलेला. जगात कुठंही कुणी पडलं तर आधी आपल्या फळीवर संशय घ्यायचा, हा त्यांचा धर्म.

"फळी ठीक होती, अप्पा," दादा म्हणाला. "टेप माझी. हँडलची टेप मी परवा नवी गुंडाळली. जरा जाड झाली. पकड जाड झाली की खांदा वर येतो, आणि खांदा वर आला की दुसरा हात कुठला सरळ जायला? मला कळायला हवं होतं."

दादा म्हणजे थोरला मुलगा. क्लबच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. बायकोच्या आणि बहिणीच्या, दोघींच्या सायकली त्याच्याच हातच्या.

"टेपचा काय संबंध?" त्याची बायको म्हणाली. ती ओट्याला टेकून उभ्यानंच भात खात होती. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी तिला भस्म्यासारखी भूक लागे. आज मात्र घास तोंडात फिरत होता. "हात माझा. मी धरायला गेले आणि हवा धरली. यात लाकूडही नाही आणि टेपही नाही."

"चला! एकदाचं कुणीतरी खरं बोललं," आत्या म्हणाली.

आत्या म्हणजे अप्पांची बहीण. पलीकडच्याच गल्लीत एकटी राहायची आणि रविवारी जेवायला यायची. आयुष्यभर दवाखान्यात नर्स होती. मनानं लोणी, पण इतकी वर्षं सुया टोचून हाताला सवय लागलेली, कुणाला तरी टोचल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे.

माई, अप्पांची बायको, खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसली होती. सुनेच्या शर्यतीच्या पोशाखाची खांद्याची शिवण उसवली होती, ती घालत होती म्हणे. मशीन चालू होतं, पण सुईत दोराच नव्हता आणि ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. एकट्या माईनं चूक मागितली नव्हती. चूक कुणाची ते तिला ठाऊक होतं.

जोडशर्यत ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती पहिल्यांदा दंगलच वाटते. एका जोडीत दोघी. एक खाली जिवाच्या आकांतानं पळते, तेवढ्यात दुसरी वर, धावपट्टीच्या उंच काठाशी, दम खात संथ फिरते. मग पळणारी मागून येते, हात पुढं करते. वरची खाली उतरून आपला हात मागं देते. हातात हात पडतो, आणि मागची आपला सगळा वेग त्या एका हातातून पुढचीला देऊन टाकते. फेकतेच तिला, गोफणीतल्या दगडासारखी. फेकणारी मंदावते, फेकलेली सुटते. आणि हे शर्यतभर, पुन्हा पुन्हा, इतर जोड्यांच्या गर्दीत, बिनब्रेकच्या सायकलींवर. हो, ब्रेक नसतातच. तिथं थांबायचं तर पायांनीच थांबायचं, नाहीतर देवानं थांबवायचं.

आणि या घरची जोडी कोण? नणंद आणि भावजय! जिथं नणंद आहे आणि भावजय आहे तिथं विळ्याभोपळ्याचं सख्य, असा जगाचा लौकिक. इथं दोघी सात वर्षं एकमेकींच्या हातावर जीव टाकून फिरत होत्या. ऐन गर्दीत सून मागून ओरडायची, "वन्सं! हात!" आधी प्रेक्षक हसले, मग त्यांनी तो शब्द उचलला, आता तर पंचसुद्धा माईच्या लेकीला वन्संच म्हणत. लेकही कमी नव्हती. वयानं मोठी, पण मोठ्या भावाची बायको म्हणून धाकटीला "वहिनी" म्हणायची, आणि वळणावर वहिनीला अशा शिव्या घालायची की शेजारच्या जोडीचा तोल जावा.

काल शेवटची फेरी जिंकली असती तर सगळं जिंकलं असतं. माई नेहमीच्या जागी बसली होती, वळण संपतं तिथं. तिचा जप वेगळाच. हात पडला की एक नाम. शर्यत संपेस्तोवर शेपन्नास नामं व्हायची, आणि प्रत्येक नाम पोटातून निघायचं. शेवटच्या हाताचं नाम ओठावर आलं आणि तिथंच राहिलं. सुनेचा पंजा पसरून पुढं आला. लेकीचा हातही मागं आला, अगदी हवा तिथं, हवा तेव्हा.

पण मिटलेला. मूठ करून.

त्या वेगात ते कुणाला दिसलं नाही. सुनेनं हवा धरली, दमलेल्या पायांनी आणखी एक फेरी तशीच रेटली, आणि जोडी दुसरी आली. लोक म्हणाले, हात हुकला. फेकणारीचा अंदाज चुकला.

"मन असतं तिथं हात असतो," आत्या आता सुनेला म्हणत होती. "तुझं मन आधीच रस्त्याला लागलेलं. तो रस्त्यावरच्या शर्यतींचा मोठा संघ बोलावतोय म्हटल्यावर इथलं गोल गोल फिरणं कसं गोड लागणार?"

"आत्या," दादा म्हणाला.

"अरे, मी वाईट कुठं बोलते? माणसाचं मन आहे. पण शेवटची फेरी तरी—"

"आत्या, बास. तिनं जीव काढून ठेवला काल."

"बहिणीचा कैवार घेतला असतास तर बरं झालं असतं. तिचं हे खेळातलं शेवटचं वर्ष होतं."

"अगं, पण फळी—" अप्पा म्हणाले.

"भाऊ, तू ती फळी बाजूला ठेव!"

सुनेनं ताटली ओट्यावर ठेवली. "आत्या म्हणतात ते बरोबर आहे," ती म्हणाली. "वन्संचं शेवटचं वर्ष मी घालवलं. म्हणून मी ठरवलंय. संध्याकाळी संघाचा फोन येईल तेव्हा नाही सांगणार."

मशीनवरचा माईचा पाय थांबला.

"आणखी एक वर्ष मी वन्संबरोबर खेळणार. त्यांना जिंकून देणार. मग रस्त्याचं बघू."

ज्या आत्यानं इतका वेळ सुनेला रस्त्याच्या नावानं झोडपलं होतं ती खुर्चीवरून अर्धी उठली. "नाही म्हणणार? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? रस्ता काय तुझी वाट बघत उभा राहणार आहे? असं बोलावणं पुन्हा येतं का? भाऊ, सांग रे हिला काही! ए दादा, तोंडात मिठाची गुळणी धरून काय बसलायस, बायको आहे तुझी!"

"आत्ताच तर तुम्ही म्हणालात—" सून म्हणाली.

"मी काय म्हणाले ते सोड. माझ्या बोलण्यावर चालायला लागलं घर तर झालंच कल्याण!"

दादानं मान खाली घातली. तो काय बोलणार? बायको गेली तर वर्षातले निम्मे महिने घर रिकामं. राहिली तर तिच्या डोळ्यांत जे विझेल ते रोज बघायचं. "तिला जे वाटेल ते," एवढंच म्हणाला.

"वन्सं नसत्या तर मी कोण होते?" सून म्हणाली. "क्लबची मोडकी सायकल घेऊन कोपऱ्यात फिरणारी एक पोरगी. त्यांनी मला खाली, शर्यतीच्या रेषेवर आणलं. पडले तेव्हा उचललं."

आणि साखळी? माईच्या मनात आलंच. त्या काळात हिच्या सायकलची साखळी दर आठवड्याला तुटायची आणि दादाच ती दुरुस्त करायचा, आणि सांगायचा की दोष साखळीत आहे. माईनं एकदा जाऊन दोघांचे चेहरे पाहिले आणि घरी येऊन अप्पांना म्हणाली होती, साखळी धडधाकट आहे, तुम्ही लग्नाचं बघा. तशी ही पोर घरात आली. सून म्हणून आली खरी, पण सून व्हायला तिला सवडच मिळाली नाही. लेकीशेजारी दुसरी लेक होऊन बसली. आणि आज पोटची लेक वाचवावी तर ही जन्माचं खोटं ओझं घेऊन बसणार. हिला वाचवावं तर पोटच्या लेकीला सगळ्यांपुढं उघडं करायचं. कालपासून माई देवाला एकच विचारत होती, कुठला डोळा फोडू ते तरी सांग.

देव गप्प. म्हणजे तिचं तिनंच बघायचं.

ती उठली आणि मागच्या दारानं बाहेर गेली.

मागच्या फरशीवर वन्सं चाकं धूत होती. हाफपँट, पायांत स्लिपर, गुडघ्यावर जुन्या पडण्यांचे वण. साबणाच्या फेसात हात कोपरापर्यंत. आणि शीळ घालत होती.

"शीळ कशाला घालतेस?" माईनं विचारलं.

"का? घालू नये?"

"लहानपणी औषध बेसिनमध्ये ओतलंस की अशीच शीळ घालत यायचीस."

शीळ थांबली. माईनं बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. गुडघे हल्ली कुरकुरत.

"मूठ का मिटलीस?"

एक आहे, लेकीनं 'कसली मूठ' असं विचारलं नाही. फेस झटकला, चाक भिंतीला लावलं. "तू तिथंच बसली होतीस ना," ती म्हणाली. "दर वेळी तिथंच बसतेस. माझ्या डोक्यातून गेलं."

"मी बसले नसते तर?"

"तर कुणाला कळलं नसतं."

"देवाला?"

"त्याला कळलंच असतं. पण तो आत्याला सांगत नाही ना."

माईला हसू आलं आणि तिनं ते गिळलं. हसायची वेळ नव्हती. "का केलंस?"

"आई, काल जिंकलो असतो तर काय झालं असतं सांगू? आमची जोडी पुढच्या मोठ्या स्पर्धेला गेली असती. वर्षभर सराव. आणि तिनं त्या संघाला नाही म्हटलं असतं. मला म्हणाली होती, जिंकलो तर मी कुठं जात नाही, वन्सं. हसत म्हणाली. पण तू तिला त्या डोंगरावरच्या शर्यतीत बघितलंस ना? बाकीच्यांची तोंडं पिळलेल्या फडक्यासारखी, आणि ही शेवटच्या चढावर मान वर करून चालली होती, जशी काय भाजी आणायला निघालीय. ती चढाची आहे, आई. मी फळ्यांची आहे. माझ्यापायी ती आपली उमेदीची वर्षं गोल गोल फिरण्यात घालवतेय."

"मग तोंड नव्हतं तुला? सांगायचंस."

"सांगून सांगून दमले. ऐकते का ती? म्हणे, जोडी अर्धी सोडून जाणारी मी नव्हे. म्हटलं, जोडी हरू दे. हरलेली जोडी आपोआप मोडते. मग हिला कसला पाश?" तिनं भिंतीला लावलेलं चाक उगाच सरळ केलं. "मला बोलावलं होतं तेव्हा मी थांबले होते. आठवतंय?"

माईला न आठवायला काय झालं? ते वर्ष. अप्पा शिडीवरून पडून अंथरुणाला खिळलेले, आणि लेकीला रस्त्याच्या संघाचं पहिलं बोलावणं.

"कुणी मला थांब म्हणालं नव्हतं. मीच थांबले. त्याचं वाईट वाटत नाही. फळ्यांनी मला खूप दिलं. पण ती मोठी रस्त्याची शर्यत चालू असते ना दरवर्षी, तेवढे दिवस मी टीव्हीच्या खोलीत येत नाही. कधी लक्षात आलं तुझ्या?"

आलं होतं. माईला वाटायचं, पोरीला सराव असेल.

तिनं लेकीच्या ओल्या मनगटावर हात ठेवला. क्षणभर वाटलं, इथंच सोडावं. एवढ्या मायेनं केलेली गोष्ट कशाला उसवायची? पण शिवणाऱ्या बाईला एक पक्कं कळतं. चुकीची शिवण वरून कितीही सुबक दिसू दे, अंगात घातल्यावर ती काचतेच.

"आत काय चाललंय ठाऊक आहे?" माई म्हणाली. "ती संघाला नाही सांगणार आहे."

"काय?"

"तुझं वर्ष तिनं घालवलं म्हणून. आणखी एक वर्ष तुला देणार आहे. भरपाई म्हणून."

वन्संचा चेहरा असा झाला की रागावलेल्या माईलाही तिची दया आली. सगळा बेत पार पाडला, सगळी किंमत मोजली, आणि गाडी उलटीच धावली! ज्या पाशातून सोडवायचं त्याचीच गाठ हिनं आवळून दिली होती.

"मूर्ख आहे ती," वन्सं पुटपुटली.

"ती मूर्ख? आणि तू गं?" आता मात्र माईचा आवाज चढला. "दान करावं, मी नाही कुठं म्हणते? पण दान आपल्या ताटातलं करायचं. ते ताट दोघींचं होतं. तिच्या वाटचा घास तिला न विचारता उचललास, बाहेर भिरकावलास, आणि वर म्हणतेस तिच्याच भल्यासाठी! याला त्याग म्हणत नाहीत, बाळा. हा अहंकारच, फक्त धुतलेले कपडे घालून आलाय."

लेक स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. तिच्या बोटांवरचा फेस सुकून पांढरा झाला होता.

"सांगितलं तर ती माझं तोंड बघणार नाही," ती शेवटी म्हणाली.

"न बघू दे."

"आई!"

"तुम्ही लोक चढ यायच्या आत बाटलीतलं पाणीसुद्धा ओतून टाकता, ओझं नको म्हणून. आणि तिच्या पाठीवर एवढा धोंडा बांधून पाठवणार होतीस? आयुष्यभर मनात म्हणत राहिली असती, मी वन्संचं वाटोळं केलं आणि मजा मारायला निघून गेले." माई बादलीवरून उठली. "मी सांगितलं तर ती चहाडी होईल. तू सांगितलंस तर कबुली. ऊठ."

स्वयंपाकघरात आत्या अजून सुनेला रस्त्याचे फायदे समजावत होती. वन्सं दारात उभी राहिली, ओल्या हातांनी.

"वहिनी, तुझा हात हुकला नव्हता," ती म्हणाली. "मी दिला नाही. मूठ मिटून घेतली. मुद्दाम."

सुनेनं आधी आपल्या पंजाकडे पाहिलं, मग वन्संच्या ओल्या हाताकडे.

"म्हणजे फळी...?" अप्पा म्हणाले.

"फळी ठीक होती, अप्पा."

अप्पांचा चेहरा उजळला. मग आपला चेहरा उजळला हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते घाईघाईनं बटाट्यावर वाकले.

"परत बोला," सून म्हणाली.

"तू त्या संघात जावंस म्हणून केलं. जिंकलो असतो तर तू गेली नसतीस."

सून हसली. कोरडं, ऐकवेना असं. "माझं होतं ते," ती म्हणाली. "अर्धं माझं होतं, वन्सं. सकाळी उलटी होईस्तोवर मी ज्या फेऱ्या मारल्या त्या माझ्या होत्या. तुम्ही कोण माझं अर्धं फेकून देणाऱ्या?"

"तुझ्यासाठीच—"

"मला विचारलंत? मी काय दूधखुळी आहे? काल रात्री झोपले नाही मी! या हाताकडे बघत बसले होते! असा का गेला, तसा का गेला! आणि तुम्ही भिंतीपलीकडे खुशाल घोरत होतात!"

"घोरत नव्हते मी."

"घोरत होतात! भिंत हलत होती!"

"घोरत होती," दादा हळूच म्हणाला. बहिणीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा मिठाची गुळणी धरून बसला.

"आणि काय हो," सून आता ओट्यापासून पुढं आली, गाल लाल, "हरल्यावर मी जाईन असं वाटलं तुम्हाला? म्हणजे हरलेल्या तुम्हाला टाकून मी जाईन? एवढीच ओळखलीत मला?"

घाव वर्मी बसला होता.

"जाणार आहे मी!" सून ओरडली. "आता तर जाणारच. फोनची वाट कशाला बघू, मीच करते. आणि तुमच्या उपकारावर नाही जात, नीट ऐका! मला जायचंय म्हणून जाते. मला पहिल्यापासून जायचं होतं!"

बोलली, आणि आपल्याच शब्दांनी दचकली. इतके महिने जे नवऱ्याजवळसुद्धा बोलली नव्हती ते रागाच्या भरात तोंडातून सटकलं होतं.

"बघा! मी मघाशी काय म्हणत—" आत्यानं सुरुवात केली. मग माईकडे पाहिलं. या दोघीही नणंद-भावजयच. या दोघींची जोडशर्यत चाळीस वर्षांची. माईनं नुसती भुवई उचलली. आत्यानं वाक्य तिथंच सोडलं. "उगाच टोचलं मी पोरीला," ती खालच्या आवाजात म्हणाली. "तिला आणखी भात हवाय का विचार, वहिनी."

सून फोन घेऊन केव्हाच बोळात गेली होती, तिथून तिचा आवाज येत होता. फोनवर ती अगदी शांत बोलत होती, नव्या कामावर बोलतात तशी. "हो. हो, माझा निर्णय झालाय. येते मी. नाही, काही अडचण नाही." दादा डोळे मिटून ऐकत होता. शेवटचा "हो" ऐकला आणि त्यानं असा श्वास सोडला, की सुख होतं की दुःख, त्याच्या आईलाही सांगता आलं नसतं.

माई मात्र दारातून दिसणाऱ्या सुनेच्या पाठीकडे बघत होती. सकाळपासून ती पाठ वाकलेली होती, म्हातारीसारखी. आता सरळ झाली होती. राग वाईट, राग जाळतो, असंच माईनं जन्मभर ऐकलं होतं आणि ते खरंही असेल. पण अपराध माणसाला खाली बसवतो आणि राग निदान उभं करतो. ही पोर डोंगर चढणार ती आता वन्संवर दात खाऊन का होईना, पण चढणार होती. देवा, म्हटलं तर हेही तुझंच देणं.

सून आत आली, हेल्मेट घेतलं, बूट घातले. "सहा महिने मी तुमच्याशी बोलणार नाही," ती वन्संना म्हणाली.

"बरं."

"बरं काय बरं!" दार धाडकन आपटलं आणि सायकल गल्लीत उतरल्याचा आवाज आला.

वन्सं होती तिथंच उभी होती. मग तिनं ओट्यावरची सुनेची अर्धी ताटली उचलली, ती कुठं ठेवावी ते सुचेना म्हणून पुन्हा तिथंच ठेवली. झालं होतं सगळं मनासारखं. वहिनी निघाली होती. ज्यासाठी मूठ मिटली ते मिळालं होतं.

"आई," ती म्हणाली.

"काय गं?"

"मलाही हवं होतं ते."

आणि कालपासून ज्या बाईनं मान ताठ ठेवली होती, बक्षीस समारंभात दुसऱ्या पायरीवर उभं राहून हसत टाळ्या वाजवल्या होत्या, ती कपाटाला टेकून खाली घसरली आणि हमसून हमसून रडायला लागली. "मला जिंकायचं होतं गं, आई. किती हवं होतं मला ते. तिचा हात एवढा छान आला होता. एवढा छान आजवर कधी आला नव्हता. धरला असता ना, तर मला कुणी गाठलंच नसतं."

अप्पांनी सुरी खाली ठेवली. दादा उठला, पुन्हा बसला. माई फरशीवर लेकीजवळ बसली, गुडघ्यांची पर्वा न करता, आणि तिचं डोकं आपल्या खांद्याशी घेतलं. उगी म्हणाली नाही. काही रडणी उगी म्हणण्यासारखी नसतात. ती माणसानं पुरती करायची असतात.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. दाराशी सायकलच्या बुटांचा खट खट आवाज झाला. सून दारात उभी होती, हेल्मेट डोक्यावर तसंच. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आली असावी. फरशीवरच्या नणंदेकडे तिनं बराच वेळ पाहिलं. राग होता तसाच होता; तिच्या जबड्यात दिसत होता.

"सहा महिने म्हणजे सहा महिने," ती म्हणाली.

वन्संनी नाक पुसत मान हलवली.

सून खट खट करत आत आली, माईच्या दुसऱ्या बाजूला नाही, नणंदेच्या शेजारी, कपाटाला पाठ लावून फरशीवर बसली, आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "रडा तुम्ही. मी बोलणार नाहीये."